पिशवीवरचा आकडा

नांदेडला वजिराबादेतल्या एका बोळात मामांचं दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ, टीव्ही, टेप’ असंच लिहिलेलं. आत मात्र इन्व्हर्टर, मिक्सर आणि विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर. जून महिन्यात एका दुपारी त्यांचा भाचा लातूरहून एसटीने आला, तो घरी न जाता थेट दुकानात उतरला. पाठीवर गादीची वळकटी, हातात सुतळीने बांधलेला खोका.

दोन वर्षं तो लातुरात ‘नीट’ची तयारी करत होता. पहिल्या वर्षी जमलं नाही, म्हणून दुसरं. दुसऱ्याचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. “540 पडले, थोडक्यात हुकलं,” असं त्याने लोह्याजवळच्या गावी वडिलांना, अण्णांना, फोनवर सांगितलं होतं. निकाल मोबाईलवर लागतो, आणि घरात तो उघडून वाचणारा हा एकटाच.

“खोक्यात काय आणलास रे?” मामांनी विचारलं.

“खोलीचे मालक आहेत ना, सर. त्यांनी दिलंय. म्हणाले, मामांना दाखव.”

सुतळी सुटली. आतून वहीएवढं काळं यंत्र निघालं. वर राखाडी रबराची बटणं, कोपऱ्यात इंद्रधनुष्याचे तिरके पट्टे. मामांनी हात पँटला पुसले आणि मगच ते उचललं.

“स्पेक्ट्रम कॉम्प्युटर! अरे, मी पोरगा होतो तेव्हा हैदराबादला कोठीच्या बाजारात कामाला होतो. त्या काळात डेसिबेल्स कंपनीनं हा आपल्याकडं काढला होता, डीबी स्पेक्ट्रम म्हणून. पण हा तर अस्सल विलायती हाय.”

सोबत सरांची चिठ्ठी होती. सर गणित शिकवायचे. 1983 साली त्यांच्या भावाने इंग्लंडहून हे यंत्र आणलं. आदल्या वर्षी, एप्रिल 1982मध्ये, ते तिथे बाजारात आलं तेव्हा त्याचे दोन प्रकार होते: 16 केबी स्मृतीचा 125 पौंडांना आणि 48 केबीचा 175ला. भावाला 125चाच परवडला. त्यातले जवळजवळ 7 केबी नुसतं पडद्यावरचं चित्र धरून ठेवायला जायचे. उरलेल्या 9 केबीत सरांनी आपल्या वर्गाच्या गुणांची यादी बसवायचा प्रोग्रॅम लिहिला. यादी निम्म्यावर आली की पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटायची: ‘4 आउट ऑफ मेमरी’. इंग्रजी ‘एम’च्या पुढच्या आडनावांची पोरं त्या यंत्रात कधी शिरलीच नाहीत. ‘आता वय झालं,’ सरांनी लिहिलं होतं, ‘एकदा तरी अख्खा वर्ग आत बसलेला बघू द्या. भाग मात्र त्या काळचेच लावा.’

मामांनी पाच स्क्रू काढून झाकण उघडलं. आतल्या पीसीबीवर बारा जागा रिकाम्या होत्या. आयसी बसवायची भोकं होती, आयसी नव्हते. बनवणाऱ्यांनी बोर्ड एकच ठेवला होता. स्वस्त गिऱ्हाइकाला रिकाम्या जागा, महाग गिऱ्हाइकाला भरलेल्या. आठ जागा स्मृतीच्या आयसींच्या आणि चार त्यांना वाट दाखवणाऱ्या.

“तू करणार हे,” मामा म्हणाले. “मी बसून बघणार.”

आयसी मुंबईच्या एका जुन्या मालवाल्याकडून मागवले. आठ लागत होते. मामांनी नऊ मागवले. “आठ लागले तर नऊ आणावेत. एक जादाचा कधी वाया जात नाही.”

पुडी आली तेव्हा भाच्याने एक आयसी उलटसुलट करून पाहिला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, 4532. “मामा, हे 32 केबीचे आयसी असतात का?”

“नसतातच. गंमत तिथंच हाय,” मामांनी चहाचा कप बाजूला ठेवला. “हा जन्मला 64चा. आत 65,536 खोल्या. कारखान्यात तपासला तर एका बाजूच्या काही खोल्या बाद निघाल्या. त्या वेळी 64चा आयसी महाग, आणि असे नापास आयसी ढिगानं निघायचे. मग कंपनीनं काय केलं, फेकले नाहीत. चांगली बाजू कुठली ते तपासलं आणि तसा शिक्का मारला. हे बघ, नंबराच्या शेवटी 3. काहींवर 4 असतो. जपानच्या ओकी कंपनीचे असले तर एच नाही तर एल. म्हणजे अमकी अर्धी बाजू खणखणीत, दुसरीकडं जाऊ नका. आणि विकले निम्म्यात. स्पेक्ट्रमवाल्यानं तेच घेतले.”

“नापास माल घातला?”

“नापास कसला? जेवढं लिहिलंय तेवढं त्यानं चाळीस वर्षं केलंय.” मामांनी बोर्डावरच्या एका बारीक तारेच्या जागेवर बोट ठेवलं. “ही तार. हिला लिंक म्हणतात. इकडं जोडली की आठही आयसींची ही बाजू वापरात येते, तिकडं जोडली की ती. म्हणून आठांवर शिक्का एकच पाहिजे. यंत्राला आतलं काही दिसत नाही. त्यानं शिक्क्यावर भरवसा ठेवायचा.”

“पण आठ कशाला? एका आयसीत एक-एक गोष्ट राहते का?”

“नाही रे. एक अक्षर आठ जणांत वाटलेलं असतं, प्रत्येकाकडं एक कण. पालखीचे आठ भोई समज. एकाचा पाय घसरला की पालखी कलते, मग बाकीचे सात किती का भक्कम असेनात.”

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आधी जुनं जे आहे ते शाबूत आहे का, ते पाहिलं. सुकलेले कपॅसिटर बदलले. जुन्या 16 केबीच्या आयसींना 5, 12 आणि उणे 5 असे तीन व्होल्टेज लागतात. ते मीटरने मोजले. मग भाच्याने बुजलेली भोकं 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आणि पंपाने मोकळी केली. मामांची ताकीद होती: आयसी थेट डागायचा नाही, आधी आयसी बेस लावायचा, म्हणजे चुकलं तर उपटून काढता येतं. आठ बेसचे 128 पाय आणि उरलेल्या चारांचे 60, मिळून 188 डाग.

पहिले वीस डाग मामांनी पुन्हा काढायला लावले. भाचा तारेचं टोक आयर्नला लावून वितळलेला थेंब पायावर टेकवत होता. थेंब गोल, चमकदार दिसायचा. आत पकड नसायची. “याला ड्राय सोल्डर म्हणतात. दिसायला जोडलेलं, हलवलं की सुटं. आधी पाय तापू दे, पट्टी तापू दे, मग तार त्यांना लाव. कथील आपोआप धावतं. आयर्न जास्त वेळ धरलास तर ट्रॅक उठंल, ते वेगळं.”

तीन दिवसांनी 188 डाग झाले. लिंकची तार शिक्क्याप्रमाणे 3च्या बाजूला टाकली. आयसी बसले. मामांनी माळ्यावरचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही खाली काढला. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि तळाशी 1982ची ओळ उमटली. भाच्याने टाळी वाजवली.

“थांब. विचार की त्याला, किती हाय म्हणून.”

हे यंत्र चालू होताना आपली स्मृती स्वतःच तपासतं. तळापासून एकेक खोली ठोठावत वर जातं आणि पहिली कच्ची खोली लागली की तिथे थांबतं. तेवढाच आपला पसारा मानतं. कुठवर आला ते 23732 आणि 23733 या दोन खोल्यांत लिहून ठेवतं. त्या वाचायची एक ओळ आहे. भाच्याने ती टाइप केली. त्या यंत्रात ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो. 16 केबी असेल तर उत्तर 32767. 48 असेल तर 65535.

उत्तर आलं 41215.

“म्हणजे मधेच कुठंतरी पाय घसरतोय,” मामा म्हणाले आणि एका स्टार्टरकडे वळले. “शोध.”

भाच्याला पहिला संशय स्वतःच्या हातावर आला. त्याने 128 डाग पुन्हा तापवले. 41215. मग संशय बेसवर. पाय वाकवून, घासून बसवले. 41215. मग चार छोट्या आयसींवर; त्यांतले दोन बदलले. मग पॉवर सप्लायवर. दोन दिवस गेले. एका जागी आयर्न जास्त टेकल्याने ट्रॅक उठला, तो बारीक तारेने सांधावा लागला. निर्दोष होतं तेही आता खराब व्हायला लागलं होतं.

त्याच दोन दिवसांत घरून फोन येत होते. आई म्हणाली, “दिवाळीत मी आजारी पडले, तू आठ दिवस अभ्यास टाकून आलास. तेवढ्यानंच हुकलं बघ.” ताई म्हणाली, “माझ्या लग्नाची धावपळ नडली.” अण्णा क्लासवाल्यांवर चिडलेले: “पैसे घ्यायला पुढं, शिकवायला मागं. पण तू भिऊ नकोस. थोडक्यात हुकलं म्हणजे पुढल्या बारी होतंय. दोन एकर मक्त्यानं द्यायचं बघायलोय.” भाचा “हं, हं” म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी मामांनी स्टार्टर बाजूला सारला आणि जादाचा नववा आयसी त्याच्या पुढ्यात ठेवला. “हा मी वेगळा तपासलाय, पक्का हाय. आता एकेकाच्या जागी हा बसव, बंद कर, चालू कर, आकडा विचार.”

पहिल्या जागी 41215. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागी तेच. सहाव्या जागी नववा आयसी बसवून ओळ टाइप केली आणि पडद्यावर आलं: 65535.

काढलेला आयसी मामांनी ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. त्याची छपाई बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होती. कापसाला थिनर लावून घासलं तशी शाई कापसावर आली. खाली प्लास्टिकवर पॉलिश पेपरच्या बारीक रेषा, आणि रेषांखाली पुसट, पण वाचता येणारा जुना आकडा.

“चार,” मामा म्हणाले. “हा 4चा होता. कुणीतरी खरडून 3 छापला, आठ होते त्यात खपून जावा म्हणून. तार 3च्या बाजूला टाकली, आणि याची ती बाजू कच्ची.”

भाचा चिडला. “या एकापायी मी सगळं पुन्हा तापवलं. चांगले दोन आयसी काढून टाकले. ट्रॅक उठला. फेका मामा तो.”

“कशाला फेकू? त्याच्या अंगात काय वाईट हाय? बाकीच्यांएवढाच चांगला, बाकीच्यांएवढाच कच्चा.” मामांनी खाऊच्या तंबाखूची एक रिकामी डबी काढली. व्हाइटनरने आयसीच्या पाठीवर मोठा पांढरा 4 काढला, तसाच डबीच्या झाकणावर काढला आणि आयसी आत ठेवला. “याच्यासारखे आणखी सात मिळाले की तार तिकडं टाकू. याचंही घर होईल. खोट असली की निम्मं जातं, भाच्या. लपवली की अख्खी रांग जाते. वर आणि बिनचूक माणसं संशयात येतात, ते वेगळंच.”

मामा हे आयसीबद्दलच बोलत होते. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. पण भाचा खाली बघून बराच वेळ थिनरची बाटली उघडत-मिटत राहिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा खत-बियाण्याच्या खरेदीला नांदेडला आले आणि दुकानात टेकले. खिशात मक्त्याचे ॲडव्हान्स पैसे होते.

“दाजी, चहा सांगू?”

“सांगा. पाणी द्या आधी.”

अण्णांचा तांब्या खाली व्हायच्या आत भाचा म्हणाला, “अण्णा, 540 नाहीत. 287 हायत.”

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. अण्णांनी तांब्या सावकाश खाली ठेवला.

“आणि गेल्या साली?”

“240.”

“आणि सांगितलं होतंस किती?”

“480.”

मामा बाहेर चहा सांगायला गेले ते लवकर आलेच नाहीत.

“मी पेरणीच्या आधी काय करतो, बघितलास ना?” अण्णा म्हणाले. “सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. सात-आठ दिवसांनी उलगडतो. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो. कमी उगवले तर बी तेवढं वाढवतो. साठ उगवलं म्हणून मी कधी बियाला शिव्या दिल्या का?”

“नाही.”

“आणि चार वर्षांमागं ती विकतची पिशवी आणली होती. पिशवीवर आकडा भारी छापलेला. त्याच्यावर भरवसा ठेवून गोणपाट केलंच नाही. निम्मं रान रिकामं राहिलं. आधी मी पावसाला बोललो, मग तिफणीवरच्या गड्याला बोललो, खोल पेरलं म्हणून. तो बिचारा रडला. दुबार पेरणी केली, मग कळलं.” अण्णा थांबले. “मला त्या बियाचा राग नाही आला. ते जेवढं होतं तेवढं उगवलं. राग आला तो पिशवीवरच्या आकड्याचा. खरा छापला असता तर मी बी वाढवलं असतं, नाही तर दुसरं काही पेरलं असतं. पीक हातात आलं असतं.”

भाच्याच्या तोंडून शब्द फुटेना.

“माझी दुबार झाली रे. आता तुझ्या आकड्यावर मी तिबार करायला निघालो होतो.” अण्णांनी खिशावर हात ठेवला. “हे पैसे आज परत जातील. तुझं काय करायचं ते बसून बघू, घाई नाही. पण आधी आईला फोन लाव. दिवाळीपासून स्वतःला बोल लावायली ती.”

फोन लागला. पलीकडे आई रडली, मग बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, “जेवलास का?”

आठवड्याने भाचा खोका घेऊन लातूरला गेला. स्टँडवरून सरांच्या घरी जाताना गंजगोलाई लागते. तिथून सोळा रस्ते फुटतात. दोन वर्षांत त्याच्या पायाखालचा एकच, खोलीवरून क्लासला जाणारा. या खेपेला तो मध्ये उभा राहून चारी बाजूंना बघत होता.

सरांच्या टीव्हीला यंत्र जोडलं. सरांनी जुन्या वहीतला प्रोग्रॅम वाचून दाखवला, भाच्याने टाइप केला. मग हजेरीपटावरची नावं. ‘एम’ आला. सरांनी श्वास धरला. ‘एम’ सरला. ‘पी’, ‘एस’, ‘टी’. शेवटचं नाव ‘वाय’चं होतं, तेही आत गेलं, आणि पडद्याच्या तळाशी ‘ओके’ आलं. सर चष्मा पुसत म्हणाले, “हा शेवटच्या बाकावरचा. चाळीस वर्षं बाहेर उभा होता.”

चहा आला. सरांनी बशी पुढे केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुला किती पडले रे शेवटी?”

“287, सर.”

आकडा बोलून झाला आणि काहीच पडलं-झडलं नाही.

“बरं,” सर म्हणाले. “मग आता?”

“अजून ठरलं नाही. पण आता मोजलंय.”

नांदेडला मामांच्या फळीवर ती तंबाखूची डबी अजून आहे. आत आता तीन आयसी झालेत. आणखी पाच मिळायचे आहेत. कधी मिळतील ते कुणी सांगावं. पण झाकणावरचा आकडा खरा आहे. आठ भरले की तार कुणीकडे टाकायची, हे कुणाला विचारावं लागणार नाही.